उपसर्गांच्या चिठ्ठ्या

५ डिसेंबर २०२५

संघदीप,

तुझा पत्ता विनोदने दिला. तुझा सख्खा भाऊ असून तो लगेच देईना, तीनदा विचारलं तेव्हा कुठे बोलला. त्याच्यावर रागावू नकोस. फोन तू उचलत नाहीस. मेसेज वाचल्याच्या निळ्या खुणा येतात आणि पुढे काही येत नाही. म्हणून हे पत्र. आपण एकमेकांना कधी पत्र लिहिलं नाही, तशी गरजच पडली नाही. तुझ्या घरून माझ्या घरी यायला चार मिनिटं लागायची. आता तू चाकणला आणि मी इथेच, त्याच शाळेत.

आधी कामाचं लिहितो. जानेवारीअखेर तालुक्याचं पथक गावात येणार आहे. भिंतींवरच्या शाळेसाठी एक गाव निवडायचं आहे, आणि आपलं नाव यादीत वर आहे असं केंद्रप्रमुख म्हणाले. अडचण एवढीच की तीन उन्हाळ्यांत आणि तीन पावसाळ्यांत घराघरांवरच्या उपसर्गांचे रंग उडाले. 'ट्रान्स' अजून दिसतो, पण त्याच्यापुढचं 'पलीकडे' गेलं. 'री – पुन्हा'च्या खाली तू रीचार्ज, रिटर्न, रिपेअर लिहिलं होतंस, त्यातलं रिपेअरच आता रिपेअरला आलं आहे.

मालेगावचा एक पेंटर यायला तयार आहे. त्याने नमुना काढून दाखवला. अक्षर बरं आहे, पण ते आपल्या भिंतींवर परकं वाटेल. तू चार दिवस सुट्टी काढून आलास तर अठ्ठावीसही भिंती होतील. जेवणं आमच्याकडे. निता म्हणते, भाऊजींना सांगा, ठेचा करीन.

पत्र लिहिताना मला सारखं जऊळक्याचं स्टेशन आठवत होतं. दहावीच्या सहामाहीत मला इंग्रजीत अकरा मार्क पडले होते आणि तू वाशिमच्या बाजारातून पुठ्ठा नसलेली डिक्शनरी आणली होतीस. तिच्या शेवटच्या पानांवर लॅटिन उपसर्गांची यादी होती. स्टेशनच्या बाकावर बसून तू मला समजावलंस, "शालक्या, 'पोर्ट' म्हंजे वाहून नेनं. त्याच्या म्होरं 'एक्स' लावला का माल बाहीर, 'इम' लावला का आत, 'ट्रान्स' लावला का पलीकडं. शब्द पाठ कायले करून राह्यला? म्होरचा तुकडा वळख." समोर मालगाडी उभी होती. तू म्हणालास, "लेका, इंजिन कोन्या बाजूनं लागलं ते पाय. डबे तिकडंच जातेत." मी पास झालो, डी.एड.ला गेलो. तू ब्रश हातात घेतलास.

कोरोनात शाळा दीड वर्ष बंद राहून मुलं वाचायचं विसरली, तेव्हा तीच यादी मी भिंतींवर आणली. एका घराला एक उपसर्ग, त्याचा अर्थ आणि पाच शब्द. पोरांनी शाळेत येता-जाता वाचायचं. पेपरात बातमी आली तेव्हा पेपरवाल्याला मी तुझं नाव सांगितलं होतं, त्याने छापलं नाही.

कोणत्या घरावर कोणता उपसर्ग, हे चिठ्ठ्यांनी ठरलं. सगळ्या गावासमोर डबा हलवला होता. त्यावरून कोणाच्या मनात काही राहिलं असेल तर त्याला माझा इलाज नाही.

तुझी माय बरी आहे. विनोदची पौर्णिमा आठवीत गेली. तुझी पुतणी शोभते, हुशार आहे.

केव्हा येतोस ते कळव.

तुझा
शालिग्राम


२१ डिसेंबर

संघदीप,

उत्तर नाही. पत्र पोचलं असेल असं धरून पुढे लिहितो.

काल पंचशीलनगरात गेलो होतो, भिंतींचे फोटो काढायला. तुझी माय अंगणात उन्हाला बसून तुरीच्या शेंगा सोलत होती. मला पाहून उठली नाही.

"काहून आला, मास्तर?"

आयुष्यभर तिने मला शालिक म्हटलं. आता मास्तर म्हणते.

"भिंत पाहतो, माय."

"पाय. भित काई पळून नाई चालली."

मी फोटो काढला. 'सब – खाली' अजून चांगलं दिसतं. तिथे पावसाचा मारा येत नाही. सबवे, सबमरीन, सबस्टेशन, सगळं जागेवर आहे. मी म्हटलं, पुन्हा रंगवायचं आहे, संघदीपला बोलावलं आहे. ती हसली.

"त्याच्या मायनं बलावलं तं येत नाई तो. तुह्या चिठ्ठीनं येनार हाय काय? तीन दिवाळ्या झाल्या, लेका."

मी विचारलं, "माय, तुला माझा राग आहे काय?"

"राग कोनाचा धरू? चिठ्ठी माह्या हातानं निंगाली. साती घरचे लोक मांगं सरकत व्हते, म्हनत व्हते असला शब्द दारावर नोको. मीच म्हनलं, हातानं काढली ना, मंग लिवू द्या. नशीब-बिशीब आपन मानत नाई. शब्द हाय तो. कोन्या ना कोन्या भितीवर येनारच व्हता. आपल्या पोरायनं वाचाले पायजे." मग तिने पुढची शेंग उचलली. म्हणाली, "पन लेक गेला, ते पोरगी गेली, ते माह्याच हातापायी गेली ना?"

पोरगी गेली म्हणजे काय, ते तुला विनोदने सांगितलं असेल. मी सांगितलं नाही. मागच्या पत्रात पौर्णिमा आठवीत आहे असं लिहिलं ते खरं आहे, पण ती माझ्या शाळेत नाही. जूनमध्ये विनोद दाखला घेऊन गेला. आता ती जीपने किन्हीराजाला जाते. आपल्याकडे आठवीचा वर्ग आहे, माझी शाळा तिच्या दारापासून दोनशे पावलांवर आहे, आणि ती सकाळी सव्वानऊला जीपच्या मागच्या दांड्याला धरून उभी असते.

कारण तुला माहीत असावं. भिंती रंगल्यावर पोरांनी एकमेकांना घरावरच्या नावाने हाका मारायला सुरुवात केली. पहिल्यांदा गंमत होती. पुंजाजी पाटलांचा नातू 'सुपर', कोणी 'मल्टि', कोणी 'सेमी'. मलाही हसू यायचं. मला वाटायचं, बघा, शब्द तोंडात बसले. पुढे आमच्या वरच्या पुऱ्यातली नावं आपोआप गळाली आणि पंचशीलनगरातली तेवढी राहिली. 'ए सब, सरक.' 'मॅल आला रे, मॅल.' मॅल म्हणजे वाईट, हे पोरांना मीच शिकवलं होतं. मलेरिया, मॅलन्यूट्रिशन.

मी दोन-चार वेळा रागावलो. रागावलो म्हणजे, 'गप्प बसा' म्हणालो.

पौर्णिमा कधी तक्रार घेऊन आली नाही. दाखल्याच्या अर्जावर शाळा सोडण्याचं कारण लिहावं लागतं. विनोदने विचारलं, "काय लिवू?" मी म्हटलं, "पालकांची इच्छा लिही." त्याने माझ्याकडे पाहिलं आणि तेच लिहिलं.

हे सगळं चिठ्ठ्यांमुळे झालं, माझ्या मनात तसं काही नव्हतं, एवढं तू तरी मान. तुझ्या मायने मानलं आहे.

भिंतींचं काय ते कळव.

शालिग्राम


८ जानेवारी २०२६

संघदीप,

तुझं कार्ड मिळालं. कार्ड असल्यामुळे पोस्टमननेही वाचलं. शाळेच्या फाटकात हातात देताना म्हणाला, "मास्तर, एकच ओळ हाय. गनित हाय काय?"

"सकाळच्या डब्यात किती चिठ्ठ्या व्हत्या?"

खाली सही नाही. अक्षर तुझंच. तीन वर्षं अक्षर पाहिलं नव्हतं, आधी बराच वेळ तेच पाहत बसलो.

वीस.

हा आकडा मी आजपर्यंत कोणाला सांगितला नाही, निताला पण नाही. आता लिहिलाच आहे तर बाकीचंही लिहितो.

चिठ्ठ्या टाकायच्या आदल्या दिवशी पुंजाजी पाटील शाळेत आले होते. खुर्चीवर बसले नाहीत, बाकावर बसले, म्हणजे काम मोठं असणार हे मी ओळखलं. म्हणाले, "मास्तर, उद्या माह्या भितीवर 'वाईट' निंगालं तं? पोरीले पाहाले सोयरे येतीन. वाचतीन, म्हनतीन घरच वाईट हाय."

मी म्हटलं, "पाटील, चिठ्ठी आहे. कोणाचीही निघेल."

"चिठ्ठ्या कोन लिवते? तुमीच ना? मंग तं झालं. वरच्या पुऱ्यातल्या भिती पायजे असतीन तं इचार करा. नाईतं शाळेचीच भित रंगवा अन् बसा."

एवढं बोलून ते गेले. 'ते शब्द तिकडे टाका' असं ते म्हणाले नाहीत, हे मला लिहायलाच हवं. ते मी माझ्या मनाने केलं.

सात चिठ्ठ्या बाजूला काढल्या. सब, मॅल, डी, अब, एक्स, डिस, कॉन्ट्रा. खाली, वाईट, काढलेलं, दूर, बाहेर, वेगळं, विरुद्ध. पंचशीलनगरात घरं सात. आकडा बरोबर जुळला तेव्हा मला, खरं सांगतो, हायसं वाटलं. ती सात गाळून टाकता आली असती. एकवीस उपसर्गांनी पोरांचं काही अडलं नसतं. पण मला यादी पूर्ण हवी होती. आणि पंचशीलनगरात भिंती रंगल्या नाहीत असं कोणी म्हणायला नको होतं. दोन्ही हवं होतं.

सकाळी मारुतीच्या पारावर डबा हलवला, त्यात वीस होत्या. वरच्या पुऱ्यातली घरं एकवीस. एकविसावं माझं. माझी चिठ्ठी मी सगळ्यांसमोर डब्यात हात घालून काढली. ती आधीच माझ्या मुठीत होती. 'प्रो – पुढे.' दुपारी तोच बिस्किटांचा डबा घेऊन मी विहारासमोर आलो आणि म्हणालो, "ह्या उरलेल्या सात." लोक एकमेकांकडे पाहायला लागले तेव्हा तुझी माय पुढे झाली. तिने माझी बाजू घेतली, संघदीप. माझ्या डब्यात हात घालून माझी बाजू घेतली.

तुला हे आधीच माहीत होतं. तुझं कार्ड आल्यावर मला ते कळलं, इतकी वर्षं कसं कळलं नाही कोणास ठाऊक. उपसर्गांचे साचे तू कापले होतेस, खालचे शब्द हाताने लिहायचे होते. जुन्या एक्स-रेच्या फिल्म आणून, अंगणात बसून, ब्लेडने. पंचशीलनगरातल्या भिंती लहान, म्हणून तिथले साचे लहान लागणार होते. आणि मी तुला कोणते सात लहान कापायचे ते सांगितलं होतं. चिठ्ठ्या निघायच्या आदल्या रात्रीच. तू तेव्हा काही बोलला नाहीस. माझ्यावर विश्वास होता म्हणून बोलला नसशील, की मी काय करतो ते पाहत होतास? हे विचारायचा मला अधिकार नाही, तरी विचारतो.

तुझ्या घराची भिंत तू सगळ्यात शेवटी घेतलीस. माय दारात उभी होती. 'सब' झालं, 'खाली' झालं, सबस्टेशनचा 'न' राहिला होता. तू ब्रश डब्यात उभा केलास आणि मागे न पाहता विचारलंस, "शालक्या, सकाळी सगळ्या चिठ्ठ्या डब्यात व्हत्या ना?"

मी म्हणालो, "व्हत्या."

तू 'न' पूर्ण केलास. गावातल्या सगळ्या भिंतींत तेवढं सुंदर अक्षर दुसरं नाही. दुसऱ्या दिवशी तू गेलास.

आणखी एक. पेपरवाल्याला तुझं नाव मी सांगितलं नव्हतं. त्याने विचारलं होतं, "कल्पना कोणाची?"

शालिग्राम


२७ जानेवारी

संघदीप,

मागच्या पत्राला तुझं उत्तर आलं नाही, ते बरोबरच आहे. त्यात तुला नवीन असं काही नव्हतं.

पत्र टाकून परत येताना मी सरळ तुझ्या घरी गेलो. मायला सगळं सांगितलं. ती चुलीपुढे होती. तिने भाकर उलटली, फुगू दिली, काढली. मग म्हणाली, "मले एकटीले कायले सांगतं? ज्यायच्या म्होरं डबा हालवला, त्यायच्या म्होरं सांग."

मी म्हटलं, "माय, पथक येऊन जाऊ दे. मग सांगतो."

"जा मंग," ती म्हणाली. "पथकासंगच जा."

त्यानंतर पंधरा दिवस मी तिच्या गल्लीतून गेलो नाही. शाळेला मागच्या वाटेने, नाल्याकडून जात होतो. निताने विचारलं, "तिकडून काहून?" मी म्हटलं, पायाला चाल होते.

काल झेंडावंदनाला सगळं गाव होतं. झेंडा झाला, पोरांची भाषणं झाली. आभार मानायला मला उभं केलं. मी आभार मानले नाहीत. डब्यात वीस चिठ्ठ्या होत्या, सात मी काढून ठेवल्या होत्या, एक माझ्या मुठीत होती, असं सांगितलं. घोकलेलं सगळं विसरलो, चार वाक्यांत संपलं.

पहिल्यांदा कोणाला कळलंच नाही. मग मागून कोणीतरी ओरडलं, "मंग माह्या घरचा 'को' खरा हाय का तोबी डुप्लिकेट?" लोक हसले. मीही हसलो असेन, मला आठवत नाही.

पुंजाजी पाटील उठले. "मास्तर, झेंड्याखाली नाटक कायले? मी काय म्हनलं व्हतं? माह्या भितीवर नोको, एवढंच. तिकडं टाका म्हनलं व्हतं काय?"

"नाही, पाटील. ते मी केलं."

"मंग तुमचं तुमी पाहा. आमाले कायले घेता त्याच्यात?" ते निघून गेले. पुष्कळ लोक त्यांच्या मागून गेले. जाताना एकजण म्हणाला, गावाचं नाव निंगालं असतं, मास्तरनं पानी फेरलं.

पंचशीलनगरातले लोक जागेवर होते. माय पुढे आली. तिला मोठ्याने बोलायची सवय नाही, तरी बोलली.

"म्हंजे माह्या हाताचा दोष नाई?"

"नाही, माय."

"असं नाई. मोठ्यानं सांग."

मी सांगितलं. तुमच्या हाताचा दोष नाही, डब्यात दुसरं काही नव्हतंच. ती आपला हात बघत नव्हती, माझ्या तोंडाकडे बघत होती. मग वळली आणि चालायला लागली. तिच्यामागे सगळे गेले. बुंदीच्या पुड्या पोरांनी बाकावर तशाच ठेवल्या.

मला वाटलं होतं सांगून हलकं वाटेल. वाटलं नाही. आज सकाळी मी पौर्णिमाला गाठलं.

काल ती तिच्या शाळेत झेंड्याला गेली होती, तिच्यासमोर सांगायचं राहिलं होतं. जीपच्या थांब्यावर उभी होती. उंच झाली आहे, तुझ्यासारखी मान तिरपी करून ऐकते. मी चिठ्ठ्यांचं सगळं सांगितलं, माफी मागितली. ती म्हणाली, "आजीनं सांगतलं, सर."

मग म्हणाली, "एक इचारू काय?"

"विचार."

"पोट्टे मले सब म्हनत, तवा तुमी वर्गात राहत. खुर्चीवर. तुमाले आयकू येत व्हतं ना?"

"येत होतं."

"दोन वर्सं. मंग चिठ्ठीचं काय सांगता, सर? चिठ्ठी तं एक दिवस काढली व्हती."

जीप आली. तिने दप्तर आत टाकलं आणि चढली. तिच्या आवाजात राग नव्हता. अभ्यासातला प्रश्न विचारावा तसं तिने विचारलं. तीस वर्षांत मी वर्गात हजार वेळा म्हटलं असेल, की शब्दाचा पुढचा तुकडा ओळखा म्हणजे अर्थ कळतो. एखाद्या लेकराला रोज त्या तुकड्याने हाक मारली तर काय होतं, हे माझ्या पाठात नव्हतं. किंवा होतं, आणि मी हजेरी घेत होतो.

केंद्रप्रमुखांचा दुपारी फोन आला. पथक दुसऱ्या गावाला जाणार. "असं कशाला बोलून बसले, गुरुजी?" एवढंच विचारलं. मालेगावच्या पेंटरला मी नको म्हणून कळवलं आहे. तुलाही रंगवायला ये असं आता म्हणत नाही. त्या पहिल्या पत्रातली ती विनंती फाडून टाक.

शालिग्राम


११ फेब्रुवारी

संघदीप,

तू काल येऊन गेलास.

मी शाळेत होतो. दुसऱ्या तासाला पोरं खिडकीशी गोळा झाली म्हणून पाहिलं, तर पंचशीलनगरात भिंतीला शिडी लावलेली आणि शिडीवर तू. शर्ट काढून डोक्याला बांधलेला. विनोद खाली बादली धरून होता, बाया भिंती घासत होत्या. एकेक करत साती भिंती पांढऱ्या झाल्या. तुझी माय खाटेवर बसून सगळ्यांना सांगत होती, तिचा आवाज वर्गापर्यंत येत होता, "वरून खाली मार, बापू, वघळ येतीन!"

तुझ्या घराची भिंत तू पुन्हा शेवटी घेतलीस. मी पाहत होतो. वाटलं, तेवढं अक्षर तरी ठेवेल. तू ठेवलं नाहीस. मोठ्या ब्रशचे चार हात मारलेस, संपलं.

मी बाहेर आलो नाही. मधल्या सुट्टीत फाटकापर्यंत आलो होतो. हाक मारली असती तर तू मान वळवली असतीस की नाही, ते मला समजून घ्यायचं नव्हतं, म्हणून परत फिरलो. हे भित्रेपण आहे. लिहून ठेवतो.

पुढचं मला निताने सांगितलं. चारच्या सुमारास तू बादली घेऊन वरच्या पुऱ्यात आलास. पुंजाजी पाटलांच्या ओट्यावर माणसं बसली होती. तू त्यांच्यासमोरून तसाच पुढे आलास. आमच्या दारासमोर थांबलास आणि 'प्रो – पुढे'वर ब्रश ठेवलास. निता धावत आली.

"भाऊजी! कवा आले? अन् हे काय करून राह्यले?"

"काई नाई, वहिनी. पांढरा उरला व्हता."

"आमच्या यायले इचारलं काय?"

"नाई इचारलं. त्यानं तरी कुठं कोनाले इचारलं व्हतं?"

मग म्हणे तू हसलास. निता म्हणते, हसले, चांगले हसले. ती खोटं बोलणारी बाई नाही, पण मला बरं वाटावं म्हणून थोडं वाढवून सांगते. प्रोग्रेस, प्रमोशन, प्रोजेक्ट, सगळं पुसलंस. तिने चहा केला. तू ओट्यावर बसून घेतलास, बसून, उभ्याने नाही, हे मी तिला तीनदा विचारलं. माझ्याबद्दल काही विचारलं का, हेही विचारलं. ती म्हणाली, नाही. शाळा सुटायला वीस मिनिटं होती. शाळा केव्हा सुटते ते तुला ठाऊक आहे. तू उठलास आणि जऊळक्याच्या जीपने गेलास.

वरच्या पुऱ्यात आज दोघांनी मला विचारलं, आता आमच्याही भिंती पुसायच्या काय? मी म्हटलं, तुमच्या भिंती आहेत, तुम्ही ठरवा. माझ्या भिंतीवर काय लिहायचं, हे एका पोराने विचारलं. मी सांगितलं, काही नाही.

पौर्णिमा किन्हीराजालाच जाते. तीच शाळा बरी आहे तिला. परवा रस्त्यात दिसली तेव्हा तिने नमस्कार केला नाही आणि तोंडही फिरवलं नाही.

या पत्राला उत्तर मागत नाही. तुझ्या उत्तराची वाट पाहत नाही, असं मात्र लिहिणार नाही, कारण ते खोटं होईल, आणि तुला खोटं एकदा सांगून झालं आहे. पोस्टमन रोज साडेअकराला फाटकातून जातो. तेव्हा माझा सहावीवर तास असतो. मी दाराकडे तोंड करून शिकवतो.

शालिग्राम